स्टार वॉर्समधला एएसपी-७ : सगळ्या कामाचा, तरी एक वाक्य वाट्याला नाही

गोदाकाठी
राम राम मंडळी. परवा पोरांना स्टार वॉर्सचा पहिला भाग दाखवला. १९९७ ची सुधारित आवृत्ती. नायक ल्यूकची गाडी मोस आयस्ली ह्या बाजारगावात शिरते तेव्हा रस्त्यावर एक काटकुळा रोबो दिसतो. एक तरंगता छोटा रोबो त्याच्या तोंडासमोर घुटमळतो, हा त्याला हातानं एक हाणतो. संपला रोल.

ह्याचं मॉडेल एएसपी-७. बनवणारी कंपनी इंडस्ट्रियल ऑटोमेटन, म्हणजे आर-टू डी-टू हा रोबो ज्या घरचा त्याच घरचा. आर-टू जहाज दुरुस्त करतो, त्याचा जोडीदार रोबो थ्रीपीओ दुभाषी. आणि एएसपी-७? ओझं उचल, सामान लाव, झाडलोट कर, पडेल ते.

दोन प्रश्न. एक, एवढ्या अवाढव्य गाथेत पडेल ते काम करणाऱ्याला एक धड संवाद का नसावा? दोन, ल्यूकचा काका ओवेन कोरडवाहू शेतकरी, त्याला शेतावर असाच गडी पाहिजे होता. त्यानं एएसपी-७ का नाही घेतला?

तिखट_शेव
संवाद आहे की. हातानं बोलला तो.

अवकाशवेडी
थोडं पाणी ओतते, राग मानू नका. १९७७ च्या मूळ सिनेमात हा रोबो नाहीच. वीस वर्षांनी संगणकावर चित्रं काढायची सोय झाली, तेव्हा मोस आयस्ली ओस वाटू नये म्हणून जनावरं, गाड्या, रोबो मागाहून भरले. त्यात हा आला. ज्याचा जन्मच गर्दी दाखवायला झाला त्याला संवाद कुठून येणार? मला तर ते सगळं भरताड आवडत नाही. मूळच्या मोस आयस्लीत धूळ होती, भीती होती. नंतरच्या गावात बाजाराच्या दिवसासारखी वर्दळ झाली.

गोदाकाठी
ताई, बाजारगावात वर्दळ नसेल तर काय असेल? आणि जन्म कशासाठीही झालेला असो, एकदा पडद्यावर आला की तो त्या गावचा झाला.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
ह्या धाग्यावर बोलायचा हक्क माझाच. बारा वाजता शिफ्ट सुटली, जेवून लिहायलोय.

आमच्या लाइनवर वेल्डिंगचे रोबो आहेत. जाळीच्या पिंजऱ्यात उभे. दार उघडलं की जागेवर थांबतात. हातात पेंडंट, म्हणजे रोबो शिकवायचा रिमोट, घेऊन एकेक पॉइंट शिकवायचा, मग तो तेवढंच करणार. जॉब दोन मिलीमीटर सरकला तरी ह्याला पत्ता नाही, हवेत वेल्ड मारून मोकळा. शिवाय एसपीएम आहेत, म्हणजे एकाच कामासाठी बांधून घेतलेली मशीन. बेअरिंग दाबायचं तर आयुष्यभर बेअरिंगच दाबणार. जगातला पहिला कारखान्यातला रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीला जनरल मोटर्समध्ये लागला. त्यालाही एकच काम होतं, साच्यातनं निघालेला गरम भाग उचलून ठेवायचा.

आता बाकीची कामं बघा. ट्रॉली ढकलणं. मशीनखालचा बुरा ओढून काढणं. तेल सांडलं की लाकडाचा भुसा टाकणं. बिनमधले पार्ट मोजणं. ऑडिट असलं की पिवळे पट्टे रंगवणं. पाहुणे आले की खुर्च्या लावणं. ह्या सगळ्याला मिळून एक मशीन अजून कुणी विकत नाही. त्याला आमच्याकडं हेल्पर म्हणतात. तो ठेकेदाराचा असतो, गेटपासच्या रंगावरनं ओळखू येतो. लाइन बंद पडली तर मेंटेनन्सवाल्याला नावानं हाका मारतात. ह्याला "ए हेल्पर".

एएसपी-७ म्हणजे हेल्पर. म्हणून त्याला संवाद नाही. लिहिणाऱ्यानं मुद्दाम दिला नसेल असं नाही, त्याला तो दिसलाच नसेल.

बालाघाट
वाळूजदादा, शेवटच्या ओळीला +१००. पण एक शंका. एक यंत्र सगळी कामं करायला लागलं तर ते एसपीएमपेक्षा महाग पडायला पाहिजे. सिनेमात उलटं का? एएसपी-७ तर गल्लोगल्ली दिसणारा स्वस्तातला माल वाटतो.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
तिथंच तर कल्पना चालवलीय. आपल्याकडं वेल्ड मारणं सोपं आणि खुर्च्या लावणं अवघड. वेल्डला जागा ठरलेली, खुर्ची कुठंही पडलेली असते. डोळ्यानं बघून, अंदाज घेऊन, हात लावून उचलायची. त्यांच्या जगात हे कोडं कधीच सुटलंय, म्हणून हेल्पर स्वस्त. आमच्या इथला हेल्परही स्वस्तच आहे म्हणा. कोडं न सोडवताच.

कंधारी
ओवेनचं मी सांगतो. मी शेतकरी माणूस, पिक्चर लेकानं दाखवला मोबाइलवर.

ओवेन जावा नावाच्या भंगारवाल्या टोळीकडनं रोबो घेतो तेव्हा काय विचारतो बगा. त्याची शेती पाण्याची हाय, हवेतला ओलावा ओढणारी यंत्रं उभी केलीत रानात. त्याला त्या यंत्रांची भाषा समजणारा पाहिजे. थ्रीपीओ लगेच म्हणतो, माझं पहिलं काम त्याच जातीच्या यंत्रांचं होतं. घेतला. दुसरा घ्यायला गेला तर लाल आर-फाइव्ह तिथंच धूर काढून बसला, मग आर-टू मिळाला. म्हंजे ओवेनला उचलाउचल करणारा नको होता. मोटार बंद पडल्यावर ती का पडली सांगणारा पाहिजे होता. आमच्याकडं बी तसंच हाय. पोतं उचलाया माणूस मिळंल, पण ठिबकचा फिल्टर अन् स्टार्टर कळणारा गडी मिळाला तर त्याला दूध-तूप खाऊ घालून ठेवावं लागतंय.

दुसरं, ओवेन ल्यूकला म्हणतो, यंदाच्या सुगीवर पैसा झाला की माणसं लावतो, मग पुढच्या वर्षी जा तू अकॅडमीत. माणसं लावतो म्हणतो, रोबो घेतो म्हणत न्हाई. का? रोबो एकरकमी घ्यावा लागतो, बिघडला तर नुकसान आपलं. गडी पाडव्याला ठरवायचा, पुढच्या पाडव्याला हिशेब. एएसपी-७ म्हंजे सालगडीच की. औत हाकतो, धारा काढतो, पाव्हणा आला तर ष्टँडवर आणाया जातो.

तिखट_शेव
अजून एक हंगाम थांब, अजून एक हंगाम थांब... ओवेनकाका नक्की मराठवाड्याचेच. माझ्या एमपीएससीच्या क्लासची फी अशीच तीन सोयाबीन मागं ढकलली.

मांजराकाठची
कंधारीकाका, वडीलधारे आहात, मान ठेवून लिहिते. सालगडी हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, खरं. पण त्याआधी घरात आजारपण, लग्न, काहीतरी निघालेलं असायचं आणि मालकाकडून उचल घेतलेली असायची. पुढच्या पाडव्याला हिशेब बसला तर अंगावर बाकी निघायची. मग परत तेच साल, तोच मालक. सिनेमात रोबोच्या छातीवर एक गोल खुंटी ठोकतात, रिस्ट्रेनिंग बोल्ट म्हणतात तिला. ती असली की तो पळून जात नाही. आमच्या घरी ती खुंटी दिसत नव्हती एवढाच फरक.

अजून एक बघा. ओवेन ल्यूकला सांगतो, उद्या आर-टूला अँकरहेडला ने आणि त्याच्या डोक्यातलं सगळं पुसून आण. चांगला माणूस आहे ओवेन, पुतण्याला जीव लावणारा. त्याला ह्यात काही वावगं वाटत नाही. मोस आयस्लीत दारूच्या गुत्त्यावर रोबोंना आत घेत नाहीत, बाहेर थांब म्हणतात. ल्यूकही मुकाट्यानं थ्रीपीओला बाहेर पाठवतो. मला तो प्रसंग पाहताना गंमत वाटली नाही. आमच्या गावच्या हॉटेलात वडिलांचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात.

कंधारी
ताई, तुमचं म्हणणं खरं हाय. माझ्या चुलत्याच्या घरचा गडी कोण्या सालापासून होता ते त्यालाच ठाऊक नव्हतं. लिवत राहा.

अवकाशवेडी
मांजराकाठची, ह्या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

गाथेत हे कुणी मांडलंच नाही असं मात्र नाही. २०१८ च्या सोलो ह्या सिनेमात एल-थ्री नावाची रोबो आहे. केसेलच्या खाणीत ती एका रोबोचा बोल्ट काढते आणि बघता बघता सगळ्या खाणीत बंड. पण दिग्दर्शकाला ते हसण्यावारी न्यायचंय की मनावर घ्यायचंय हे शेवटपर्यंत ठरलेलं दिसत नाही. मँडलोरियन मालिकेच्या २०२३ च्या भागांत प्लाझिर-१५ नावाचं शहर येतं. तिथले लोक कामच करत नाहीत. जुने लढाईचे रोबो दुरुस्त करून मजुरीला लावलेत, त्यांचा वेगळा बारसुद्धा आहे. ते रोबो म्हणतात, आम्हाला काम पाहिजे, आम्हाला काढू नका. सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग तोच आहे, आणि भाग पुढं धावत सुटतो.

बालाघाट
"आम्हाला काढू नका" हे वाक्य आमच्या बीड जिल्ह्यात दर दिवाळीआधी ऐकू येतं. ऊस तोडणारं हार्वेस्टर आल्यापासून जास्तच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऊसतोडीत "एक कोयता" म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो कोयत्यावर. दोघांनी ऊस बुडख्याशी तोडायचा, साखर बुडख्यात जास्त असते म्हणून जमिनीलगत. वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॅक्टरवर चढवायची. मध्यरात्री गाडी आली तर मध्यरात्री. त्यात बाई स्वयंपाकही करते, लेकरूही सांभाळते. आता सांगा, सर्वकाम्या कोण?

कृषी_परभणी
थोडं तांत्रिक लिहितो. मी इथल्या कृषी विद्यापीठातून अवजारं ह्या विषयात शिकलोय.

एएसपी-७ ला कापूस वेचायला लावा, मग मी त्याला मानतो. कापसाची बोंडं एकदम फुटत नाहीत. खालची आधी, वरची नंतर, म्हणून वेचण्या तीन-चार होतात. प्रत्येक वेळी त्याच झाडावरचं फुटलेलं घ्यायचं आणि हिरवं सोडायचं. बोंड वाळलं की पाकळ्यांची टोकं सुईवाणी कडक होतात. बाया तीन बोटांनी कापूस असा ओढतात की पाकळी कापसात येत नाही. सकाळी दव असताना वेचला तर ओला, दुपारी वेचला तर वाळकी पानं चिकटून येतात. परदेशात मोठी यंत्रं चालतात, पण तिथं झाडं एका उंचीची, एकदम फुटणारी, आधी औषध मारून पानं गाळलेली. आपलं झाड पसरट. म्हणजे यंत्रासाठी शेत बदलावं लागतं.

हार्वेस्टरचंही तेच. त्याला उसाच्या दोन सरींत चार-साडेचार फूट अंतर पाहिजे. गुंठ्यागुंठ्याच्या रानात ते वळणार कुठं? माणसाच्या आकाराचा रोबो करण्यामागं कल्पना हीच असावी, की शेत, जिना, दार, खुरपं काहीच बदलायचं नाही, माणसाच्या जागी तो उभा करायचा. कल्पना म्हणून ती फार हुशार आहे.

तिखट_शेव
बनी तो बनी, नहीं तो एएसपी-७ परभनी.

कृषी_परभणी
हा विनोद आमच्या हॉस्टेलच्या भिंतीपेक्षा जुना आहे.

माळवद
अवांतर करतो, माफी. ओवेनचं घर जमिनीखालचं आहे ना, मधे गोल अंगण आणि भोवती खोल्या? ते ट्युनिशियातल्या मतमाता गावचं खरं घर आहे, आता तिथं हॉटेल चालतं. बाहेरचा पांढराशुभ्र सपाट भाग चोत अल-जरीद, मिठाचं वाळलेलं तळं. उन्हाळ्यात तिथं जमिनीखाली राहण्यात शहाणपणा आहे. आमच्याकडं पांढऱ्या मातीची हातभर जाड माळवदं होती, मे महिन्यात आत शिरलं की अंगावर काटा यायचा. पाडून स्लॅब टाकला. आता कूलर लावलाय आणि त्याला पाणी नाही.

गोदाकाठी
पाण्याचं निघालंच तर, ओवेनची ती ओलावा ओढणारी यंत्रं आपल्याकडं चालतील का हो? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हापासून डोक्यात आहे.

कृषी_परभणी
हिशेब करू. एप्रिलची दुपार, ४० अंश, आर्द्रता २० टक्के. एका घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ. तिचं पाणी व्हायला हवा १३ अंशांच्या खाली गार करावी लागते. ५ अंशांपर्यंत नेली तर चारेक ग्रॅम हाती लागतं. म्हणजे लिटरभर पाण्याला अडीचशे घनमीटर हवा. दहा बाय दहाच्या नऊ खोल्यांतली हवा, ती पण सगळी फ्रीजसारखी गार करून. विजेचं बिल वेगळं. पावसाळ्यात हेच यंत्र धो धो पाणी देईल, पण तेव्हा आपल्याला ते नको असतं.

कंधारी
म्हंजे मान्सूनसारखंच यंत्र हाय. पाहिजे तवा न्हाई.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
अहो धागा रोबोचा आहे, टँकरचा नाही.

मूळ प्रश्नावर येतो. मांजराकाठचीताईंचं वाचल्यावर सिनेमातला तो फटका मी परत लावून बघितला. आधी वाटायचं विनोद आहे, लोकांना हसवायला टाकलाय. आता वाटतं अख्ख्या गाथेत ह्या मॉडेलनं स्वतःच्या मर्जीनं केलेली हीच एक गोष्ट. बाकी वेळ तो सांगितलेलं करतो. तो तरंगता रोबो टेहळणीवाला आहे असं कुठंतरी वाचलं होतं. सुपरवायझर तोंडासमोर येऊन घिरट्या घालायला लागला की हात शिवशिवतो, हे मी शपथेवर सांगतो.

अवकाशवेडी
दादा, छान आहे, पण पटत नाही. त्या फटक्याला तुम्ही आता बंड करून टाकलंत. तो अॅनिमेशनवाल्यांनी टाकलेला दोन सेकंदांचा पांचट विनोदच आहे. कष्टकऱ्याला संवाद नाही म्हणून त्याच्या प्रत्येक हालचालीला आपण अर्थ चिकटवायचा, हाही एक प्रकारे त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणं झालं.

मांजराकाठची
मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण वडिलांना जर कुणी विचारलं असतं की तुम्हाला संवाद पाहिजे का, तर ते म्हणाले असते, आधी बाकी किती निघते ते सांगा.

बालाघाट
_/\_

मुरूड_जंक्शन
सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं यंदा देखाव्यात मोस आयस्ली करायचं ठरवलंय. अध्यक्ष म्हणाले, गेली सगळी वर्षं केदारनाथच करतोय. तर आम्हाला एक हलता एएसपी-७ पाहिजे. सांगाडा पीव्हीसी पाइपचा केलाय, एक इंची. फटका मारायचा हात फिरवायला सर्व्हो मोटर लावली, एमजी-९९६ वाली. दोनदा हात उचलला आणि दात खाऊन बसली. काय करू?

तिखट_शेव
गणपतीसमोर हाणामारी? वर्गणी कापणार लोक.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
ती मोटर दहा किलो-सेंटीमीटरच्या आसपास जोर देते. म्हणजे खांद्यापासून ३० सेंटीमीटरवर अडीचशे-तीनशे ग्रॅम म्हटलं तरी जीव जातो तिचा. तुझा पाइपच तेवढा भरेल, त्यात एल्बो आणि रंग. सर्व्हो काढ. भंगारातनं गाडीच्या वायपरची मोटर आण, १२ व्होल्टची. तिला आतच वर्मगियर असतो, जोर भरपूर, आणि वायपरचा दांडा असतो तसा क्रँक लावलास तर हात आपोआप खालीवर होईल, प्रोग्रामिंगची भानगड नाही. हात हलका करायला एक इंचीच्या जागी अर्धा इंची घे आणि वर थर्माकोल नको, फोम शीट गुंडाळ.

मुरूड_जंक्शन
दादा वायपरची मोटर सारखी फिरतच राहील ना? फटका मधेमधे पाहिजे.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
टायमर रिले लाव. नाहीतर मंडळातलं एक पोरगं मागं बसव बटण घेऊन.

बालाघाट
पोरगंच बसवा, स्वस्त पडेल. नाव मात्र विचारा त्याचं.

मुरूड_जंक्शन
बंटी आहे तो. आत्ताच विचारलं, म्हणतोय आरतीच्या वेळी सुट्टी पाहिजे आणि प्रसादाचे दोन पुडे.